सडक्या चाऱ्यातली गोळी, हातातली नळी

पावसात भिजून काळी पडलेली कडब्याची पेंढी जनावरापुढे टाकायची नाही, हे मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात पोरासोरांनाही ठाऊक असतं. सोलापुरात कितीतरी घरी रोज संध्याकाळी घेतली जाणारी 'रक्त पातळ व्हायची गोळी' अशाच बुरसलेल्या चाऱ्यातून आलेली आहे.

1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं रक्त वाहून मरू लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. दोष निघाला तो दमट राहून बुरशी धरलेल्या 'स्वीट क्लोव्हर' या चाऱ्याचा. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, तो चारा आणि कॅनभर न गोठणारं रक्त घेऊन जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. चाऱ्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य हाती यायला सहा वर्षं लागली. त्याच्याच भावकीतलं वॉरफरिन 1948 मध्ये आधी उंदरांसाठी विकलं गेलं, 1954 पासून माणसांसाठी.

या गोळीचा हृदयाशी संबंध असा. एट्रियल फिब्रिलेशन या ठोक्यांच्या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. मनगटावर बोटं ठेवून पाहा: दोन ठोके लगबगीने, मग एक हरवलेला, मग एक जोरकस. ताल बोटांना सापडतच नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी धरते, ती मेंदूत गेली की अर्धांग. गुठळी धरू नये म्हणून ही गोळी.

इलाजाची दुसरी वाट नळीची, तिचं कूळ वेगळं. 1929 मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने लघवीसाठीची नळी स्वतःच्या हाताच्या शिरेत सरकवली आणि चालत एक्स-रेच्या खोलीत जाऊन ती हृदयात पोचल्याचं छायाचित्र काढून घेतलं. तेव्हा बोलणी खावी लागली, 1956 मध्ये नोबेल मिळालं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नळीतून हृदयातल्या विजेच्या वाटेवर पहिल्यांदा घाव घातला गेला. पण या आजाराची खरी किल्ली 1998 मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरात मिशेल हाइसागेर यांना मिळाली. फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी हे चुकार ठोके बहुधा उगम पावतात. त्या तोंडांभोवती चटक्यांचं कडं घालायचं, की वीज आत शिरत नाही. हेच अ‍ॅब्लेशन.

मग ठोके आवरणाऱ्या गोळ्या की नळी? 2019 मध्ये दोन हजारांवर रुग्णांची 'कबाना' चाचणी प्रसिद्ध झाली. मृत्यू आणि अर्धांग टाळण्यात नळीची सरशी ठामपणे सिद्ध झाली नाही. धडधड मात्र कमी वेळा परतली, जगणं सुसह्य झालं. म्हणून ज्याची धडधड येते-जाते, झडपा चांगल्या आहेत आणि जिना चढतानाही जीव घाबरा होतो, त्याने नळीचा विचार लवकर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ठोके ताळ्यावर आले म्हणून रक्ताची गोळी आपोआप सुटत नाही. ती वय, रक्तदाब, मधुमेह आणि आधीचा झटका पाहून ठरते.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. लहानपणी घसा दुखून सांधे सुजवणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप आकसलेले रुग्ण इथे पुष्कळ. त्यांच्यात आधी झडपेचा इलाज पाहावा लागतो. आणि 2022 च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत अशा रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जुन्या कुळातली औषधंच जास्त तारून गेली. त्यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवावा लागतो. पालेभाज्यांनी हा आकडा हलतो, तरी मेथी, शेपू, पालक सोडायचं नाही. फक्त एका आठवड्यात ढीगभर आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं करायचं नाही.

तेव्हा नळीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याआधी इकोचा कागद उघडा आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: माझी झडप कशी आहे?