त्यालाच विचारा : पाप, दुःख आणि अपंगत्व यांविषयीच्या ख्रिस्ती विचाराची प्रस्तावना

ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे म्हणणारी माणसे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहेत. ती दुष्ट नसतात. झबले-टोपडे घेऊन आलेली, मनापासून हळहळणारी माणसे असतात. पण हळहळता हळहळता ती एक हिशेब मांडतात आणि सारी बाकी आईच्या नावावर टाकतात. 'कोणत्या जन्मीचं पाप' हा उद्गारही त्याच हिशेबातला. ख्रिस्ती परंपरेने हा हिशेब दोन हजार वर्षे कसा मांडला, कोणी तो खोडला आणि खोडल्यावरही तो पुन्हा पुन्हा कसा वर आला, हे पाहणारे एक अभ्यासक्षेत्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. या पुस्तकाच्या निमित्ताने आपण त्याच्या उंबरठ्याशी आला आहात. मनापासून स्वागत. आत यायला ग्रीक-हिब्रू येण्याची अट नाही, श्रद्धेचीही नाही. ऐकण्याची तयारी मात्र हवी.

योहानकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय हे या घराचे जोते. वाटेत एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रश्नातली अडचण मराठी वाचकाला चटकन कळेल. जो जन्मताच आंधळा, त्याने पाप केले कधी? आपल्याकडे त्याला पूर्वजन्माचे उत्तर तयार असते. ख्रिस्ती विचारात ती वाट नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेनने आत्मे देहाच्या आधीपासून असतात असे मांडून पाहिले. चर्चने पुढे ती कल्पना नाकारली. मग उरतात आईबाप, आणि त्यांच्याही मागे थेट आदाम.

येशू दोन्ही पर्याय नाकारतो. पण त्याच दमात, हे देवाची कृत्ये प्रकट व्हावीत म्हणून झाले, अशा अर्थाचे वाक्य येते आणि तिथे अनेक अपंग वाचक अडखळतात. दुसऱ्यांना चमत्कार दिसावा एवढ्यासाठी एका माणसाने अर्धे आयुष्य अंधारात काढायचे? काही भाष्यकारांनी इथे व्याकरणाकडे लक्ष वेधले आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसतच. पूर्णविराम कुठे द्यायचा हे नंतरच्यांनी ठरवले. तो पूर्णविराम एक वाक्यांश अलीकडे सरकवला, तर अर्थ असा होतो : पाप याचेही नाही, आईबापांचेही नाही, आणि देवाची कृत्ये प्रकट व्हावीत म्हणून आपण उजेड आहे तोवर काम केले पाहिजे. अंधत्वाचे कारण मग सांगितलेलेच नाही, सांगितले आहे ते काम. मला हे वाचन पटते. मात्र ते सर्वमान्य नाही, हे नव्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

बायबल या प्रश्नावर एका सुरात बोलत नाही, हेही पहिल्याच दिवशी मान्य करावे. 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातल्या शापांत अंधत्व आहे. मिर्यामेच्या आणि गेहजीच्या अंगावर शिक्षा म्हणून चट्टे उठतात. त्या त्वचाविकाराला भाषांतरांनी कुष्ठरोग म्हटले. मूळ हिब्रू शब्द कपड्यांवरच्या आणि भिंतींवरच्या डागांनाही लागतो, म्हणजे तो आजचा कुष्ठरोग नव्हे. पण त्या एका शब्दामुळे पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांच्या माथी पाप चिकटले. लेवीयाच्या एकविसाव्या अध्यायात शारीरिक व्यंग असलेल्या याजकाला वेदीजवळ जायला मनाई आहे. पवित्र अन्न खायला मात्र नाही. ताटात वाटा आणि वेदीपासून दूर, ही अवस्था आजही अनेकांच्या ओळखीची आहे.

याच ग्रंथात उलट बाजूनेही जोरकस आवाज उठतात. आईबापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही इस्राएलातली म्हण यिर्मया आणि यहेज्केल दोघेही बाद ठरवतात. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसतात तोवर ते खरे मित्र असतात. तोंड उघडून त्याचे पाप शोधू लागतात आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतात. लूक सांगतो, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, या विचारालाच येशू नकार देतो. मग मार्काच्या दुसऱ्या अध्यायात छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला तो आधी पापक्षमा का देतो? बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्याला, पुन्हा पाप करू नकोस, असे का बजावतो? ही दोन स्थळे टाळून केलेला कोणताही युक्तिवाद लंगडा पडतो, असे मी लिहिणार होतो. आणि इथेच पाहा, उणिवेसाठी आपल्या जिभेवर पहिला शब्द कोणता येतो.

भाषेचा हा प्रश्न किरकोळ नाही. जॉन हल हे बर्मिंगहॅमचे धार्मिक शिक्षणाचे प्राध्यापक. प्रौढपणी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. अंध म्हणून बायबल पुन्हा वाचू लागल्यावर त्यांना जाणवले, की हे डोळसांनी लिहिलेले पुस्तक आहे आणि त्यात अंधत्व वारंवार अज्ञानाचे, अविश्वासाचे रूपक होऊन येते. एका डोळस तारणाऱ्याला अंध शिष्याने लिहिलेले खुले पत्र, अशा रूपात त्यांनी ही वेदना मांडली. त्या पत्रात श्रद्धा सोडलेली नाही, तक्रारही सोडलेली नाही.

चर्चच्या इतिहासात सर्वात खोल ठसा संत ऑगस्टिनचा. मूळ पाप न मानणाऱ्या पेलागियसच्या अनुयायांशी, विशेषतः इक्लॅनमच्या जूलियनशी वाद घालताना त्याने विचारले : देव न्यायी असेल, तर तान्ही बाळे दुःख का भोगतात? व्यंग घेऊन का जन्मतात? त्यांचे स्वतःचे पाप नाही, म्हणजे आदामाकडून आलेले मूळ पाप असले पाहिजे. एका बाळाचे शरीर असे एका सिद्धांताचा पुरावा झाले. पण याच ऑगस्टिनने असेही लिहिले, की पुनरुत्थित देहांत हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा राहतील आणि त्या सौंदर्याच्या खुणा असतील. त्याचे पहिले विधान शतकानुशतके गाजले, दुसरे बाजूला पडून राहिले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर वैद्यांना सांगितले, की रोग्याला आधी आत्म्याचा वैद्य बोलवायला लावा, कारण आजार कधी कधी पापातून येतो. 'कधी कधी' हे शब्द तिथे आहेत. व्यवहारात ते किती टिकले असतील, याची कल्पना करता येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या 'साल्विफिची डोलोरिस' या पत्रात ईयोबाचा दाखला देऊन स्पष्ट केले, की सर्वच दुःख अपराधाचे फळ नसते.

खरे वळण आले ते ज्यांच्याविषयी चर्चा चालली होती तेच लिहू लागले तेव्हा. नॅन्सी आयस्लंड या अमेरिकी अभ्यासक जन्मजात अस्थिविकार घेऊन वाढल्या. त्यांचे 'द डिसेबल्ड गॉड' १९९४ साली आले. लूकाच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना आपले हातपाय दाखवतो. खिळ्यांच्या खुणा गेलेल्या नाहीत. मग परिपूर्ण देह म्हणजे निर्व्यंग देह, हे कोणी ठरवले? धर्मशास्त्रज्ञ एमॉस याँग यांचा भाऊ डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. त्यांनी २००७ च्या ग्रंथात बौद्धिक अपंगत्वाचा असाच पायापासून विचार केला. स्वर्गात आपले मूल बदललेले असेल की आहे तसेच, यावर पालकांची मते टोकाची भिन्न आहेत आणि मला त्यांपैकी एकही मत हलके वाटत नाही.

पापाचा आरोप मागे पडला तरी त्याची भावंडे असतातच. बरे होत नाही म्हणजे विश्वास कमी पडतो, असे प्रार्थनासभांत सांगितले जाते. देवाने तुला खास निवडले, ही गोड बाजू. आपल्याकडचा 'दिव्यांग' हा सरकारी शब्दही अनेकांना याच गोडव्यामुळे खटकतो. रॅम्प मागितला आणि दिव्यत्व मिळाले, अशी त्यांची भावना आहे. म्हणून या पानांत 'अपंग' हाच शब्द ठेवला आहे.

मराठीशी या विषयाचा एक धागा केडगावला जुळतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांनाही घर मिळाले होते आणि तिथेच रमाबाई आयुष्याच्या अखेरपर्यंत, १९२२ पर्यंत, हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. पाप कोणाचे, हा शिष्यांचा प्रश्न ज्या आवारात मराठीत उतरला, तिथे तो ज्यांच्याविषयी होता त्या हाकेच्या अंतरावर होत्या.

वाचनाची सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. मी नवव्या अध्यायाचीच एक्केचाळीस वचने मोठ्याने वाचायला सांगतो, आणि कोण बोलते आहे याकडे लक्ष द्यायला. आठव्या वचनापासून चौतिसाव्यापर्यंत येशू तिथे नाहीच. शेजारी वाद घालतात, हा तोच की त्याच्यासारखा दिसणारा; तो म्हणतो, मीच तो. परूशी चौकशी लावतात. आईबाप घाबरून अंग काढून घेतात : तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. भीतीपोटी का होईना, अख्ख्या प्रसंगात हे शब्द येतात ते त्यांच्याच तोंडी. मग तो बोलतो, एकटा, धीटपणे. तेव्हा परूशी त्याला जन्मापासूनचा पापी म्हणतात आणि बाहेर घालवतात. येशूने सुरुवातीलाच खोडलेला तो आरोप धर्माच्या अधिकाऱ्यांच्या तोंडून परत येतो. त्याला बाहेर घालवल्याचे कानी पडते तेव्हा येशू त्याला शोधत जातो.