चांद्रकक्षेतील बायबलवाचन आणि शासनाची तटस्थता : अपोलो मोहिमांच्या इतिहासातील एक वाद

प्रास्ताविक

दि. २४ डिसेंबर १९६८ रोजी, म्हणजे नाताळच्या पूर्वसंध्येस, अपोलो-८ हे अमेरिकन अंतराळयान चंद्राभोवती प्रदक्षिणा घालीत असताना यानातील तीन अंतराळवीरांनी पृथ्वीकडे एक दूरचित्रवाणी प्रक्षेपण केले. त्याच्या अखेरीस विल्यम अँडर्स, जेम्स लॉव्हेल आणि फ्रँक बोरमन यांनी बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाची पहिली दहा वचने आळीपाळीने वाचली. जगातील ६४ देशांतील सुमारे एक अब्ज लोकांपर्यंत हे प्रक्षेपण पोहोचले, असा अंदाज त्या काळी व्यक्त झाला. भारतात मात्र दूरचित्रवाणी तेव्हा दिल्लीपुरतीच मर्यादित होती. मुंबई केंद्र सुरू झाले ते ऑक्टोबर १९७२ मध्ये. त्यामुळे मराठी वाचकांपर्यंत ही घटना आली ती मुख्यतः वृत्तपत्रे आणि आकाशवाणी यांच्याद्वारे, आणि तीही एका यशस्वी मोहिमेतील भावपूर्ण प्रसंग म्हणून. तिच्यातून उद्भवलेला न्यायालयीन वाद आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही.

शासनाच्या पैशाने, शासनाच्या यानातून, शासनाच्या सेवेतील व्यक्ती धर्मग्रंथ वाचते तेव्हा तो आवाज कोणाचा मानावा? व्यक्तीचा, राज्याचा की समस्त मानवजातीचा? या प्रश्नाचा १९६८ ते १९७१ या कालखंडापुरता मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रश्नाची पूर्वपीठिका

अंतराळ आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा संबंध रॉकेटपेक्षा पुष्कळ जुना आहे. ईश्वर एकाहून अधिक विश्वे निर्माण करू शकत नाही, हे मत पॅरिसचे बिशप एतियेन ताँपिये यांनी १२७७ मध्ये निषिद्ध ठरविले होते. कारण त्यामुळे ईश्वराच्या सर्वशक्तिमत्त्वाला मर्यादा पडत होती. पुढे कोपर्निकसच्या सिद्धांताने पृथ्वी हा ग्रहांपैकी एक ग्रह ठरला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. इतर ग्रहांवर जर बुद्धिमान जीव असतील, तर ख्रिस्ताचे बलिदान त्यांच्यासाठीही होते काय? टॉमस पेन या क्रांतिकारी लेखकाने 'द एज ऑफ रीझन' (१७९४) या ग्रंथात हाच मुद्दा ख्रिस्ती धर्माविरुद्ध हत्यारासारखा वापरला. अनेक जगांची कल्पना आणि ख्रिस्ती मुक्तिकथा एकाच मनात नांदू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या धर्तीच्या आक्षेपांना स्कॉटिश धर्मोपदेशक टॉमस चामर्स यांनी १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खगोलविषयक प्रवचनांतून उत्तर दिले. ईश्वराची करुणा एवढी विशाल आहे की विश्वाच्या अफाट विस्तारातही एका लहानशा ग्रहाकडे तिचे दुर्लक्ष होत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हे चामर्स म्हणजेच पुढे १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या प्रस्थापित चर्चपासून फुटून निघालेल्या फ्री चर्चचे नेते होत. मुंबईतील मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी त्या फुटीत याच पक्षाची बाजू घेतली होती.

एक योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. १९६९ मध्ये जो खटला उभा राहिला त्यातील प्रतिवादी, म्हणजे 'नासा'चे तत्कालीन प्रशासक, यांचेही नाव थॉमस पेन हेच होते. अठराव्या शतकातील पेनने बायबलवर खटला भरला होता असे म्हटले, तर विसाव्या शतकातील पेनवर बायबलमुळे खटला भरला गेला.

शीतयुद्धाने या तात्त्विक प्रश्नाला राजकीय धार आणली. सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान टिटोव्ह यांनी मे १९६२ मध्ये सिअ‍ॅटल येथे, आपल्याला अंतराळात देव किंवा देवदूत दिसले नाहीत, असे जाहीरपणे सांगितले. (युरी गागारिन यांच्या तोंडी घातले जाणारे तशाच आशयाचे वाक्य त्यांच्या उड्डाणातील संभाषणाच्या नोंदींत आढळत नाही.) सी. एस. लुईस यांनी १९६३ मध्ये एका निबंधात या विधानाचा समाचार घेतला. अंतराळात जाऊन देव न सापडणे म्हणजे नाटकातील पात्रांमध्ये नाटककार शोधण्यासारखे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. तथापि तोच युक्तिवाद उलट दिशेनेही लागू पडतो. अंतराळात जाऊन देव सापडत नसेल, तर तेथे जाऊन त्याची ग्वाही देण्यालाही विशेष वजन उरत नाही. ही दुसरी बाजू १९६८ च्या उत्साहात फारशी कोणी मांडली नाही.

वाचनाची संहिता कोठून आली?

अपोलो-८ वरील वाचन हा अंतराळवीरांचा उत्स्फूर्त उद्गार होता, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. नाताळच्या प्रक्षेपणात प्रसंगाला शोभेल असे काहीतरी बोलावे, एवढीच सूचना 'नासा'कडून बोरमन यांना मिळाली होती. काय बोलावे हे सुचेना म्हणून त्यांनी सायमन बुर्जिन यांना विचारले. बुर्जिन हे अमेरिकेच्या माहिती संस्थेचे, म्हणजेच परदेशात अमेरिकेची प्रतिमा जपणाऱ्या शासकीय यंत्रणेचे अधिकारी होते. बुर्जिन यांनी ते काम जोसेफ लाइटिन या शासकीय प्रसिद्धीचा अनुभव असलेल्या मित्राकडे सोपविले. लाइटिन रात्री उशिरापर्यंत टंकलेखन यंत्रासमोर बसूनही त्यांना मनाजोगता मजकूर साधेना. शेवटी त्यांच्या पत्नी क्रिस्टीन यांनी उत्पत्तीच्या आरंभीची वचने सुचविली. ती टंकलिखित करून उड्डाण आराखड्याच्या अग्निरोधक कागदांत समाविष्ट करण्यात आली.

निवड सुज्ञपणाची होती, हे मान्य केले पाहिजे. वाचलेला भाग शुभवर्तमानांतील ख्रिस्तजन्माचा नव्हता. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांना तो पूज्य होता आणि सृष्टीच्या उत्पत्तीचे वर्णन चंद्रभूमीवरील निर्जन दृश्याशी जुळणारे होते. पण येथेच इतिहासाच्या अभ्यासकाला थबकावे लागते. संहिता वरून लादलेली नव्हती, हे खरे. ती निव्वळ खासगीही नव्हती. ज्या मार्गाने ती यानात पोहोचली त्या मार्गावरील दोन टप्पे शासकीय प्रसिद्धियंत्रणेशी निगडित होते.

ओ'हेअर विरुद्ध पेन

मॅडेलिन मरे ओ'हेअर हे नाव अमेरिकेत तोवर सर्वपरिचित झालेले होते. सार्वजनिक शाळांतील बायबलवाचन घटनाबाह्य ठरविणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या जून १९६३ च्या निर्णयात त्यांच्या बाल्टिमोर येथील खटल्याचाही समावेश होता. त्यांनी १९६९ मध्ये टेक्सासमधील संघीय जिल्हा न्यायालयात 'नासा'विरुद्ध दावा दाखल केला. अंतराळवीर हे शासनाचे सेवक असून त्यांचे बायबलवाचन हे राज्याने धर्माला दिलेले प्रोत्साहन आहे, सबब अशा कृतींना मनाई करावी, अशी त्यांची मागणी होती.

दावा प्राथमिक टप्प्यावरच फेटाळला गेला. राज्यघटनेची पहिली दुरुस्ती शासनाला धर्माविषयी तटस्थ राहण्यास सांगते, धर्माशी वैर करण्यास नव्हे, असा न्यायालयाच्या भूमिकेचा गाभा होता. पुढे १९७० मध्ये अपील न्यायालयाने हाच निर्णय कायम केला आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला. दावा आरंभीच निकालात निघाल्यामुळे साक्षीपुरावे नोंदविण्याचा प्रसंगच आला नाही. संहिता कोणी सुचविली, कोणामार्फत आली, हे प्रश्न न्यायालयापुढे तपासले गेले नाहीत. निकाल कायद्याच्या दृष्टीने टिकाऊ असेलही. इतिहासाच्या दृष्टीने मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला.

शिवाय शासनाचे अन्य एक खाते स्वस्थ बसले नव्हते. मे १९६९ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने अपोलो-८ च्या स्मरणार्थ सहा सेंटांचे तिकीट काढले. त्यावर चंद्रक्षितिजावर उगवणारी पृथ्वी होती आणि सोबत उत्पत्तीच्या पहिल्या वचनातील आरंभीचे शब्द छापलेले होते. अंतराळवीराचे वाचन वैयक्तिक मानता येईल. टपाल तिकिटाला व्यक्तिगत श्रद्धा असू शकत नाही.

भारतीय वाचकाला येथे आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ते २८ ची आठवण होणे स्वाभाविक आहे. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या प्रमुखांनी प्रक्षेपणापूर्वी तिरुपतीस जाऊन दर्शन घेण्याच्या प्रथेवर आपल्याकडेही टीका व समर्थन दोन्ही झालेले आहे. मात्र दोन्ही देशांतील धर्मनिरपेक्षतेची घडण भिन्न असल्याने तुलना जपूनच करावी लागेल.

मौनातील प्रभुभोजन

खटल्याचा परिणाम निकालापूर्वीच दिसू लागला होता. बझ ऑल्ड्रिन हे ह्यूस्टनजवळील वेबस्टर प्रेस्बिटेरियन चर्चचे एल्डर होते. चंद्रावर उतरल्यानंतर प्रभुभोजनाचा विधी करण्याचा आणि त्याचे प्रक्षेपण करण्याचा त्यांचा मानस होता. ओ'हेअर यांच्यामुळे उठलेल्या वादाकडे बोट दाखवून डीक स्लेटन यांनी, विधी करा परंतु बोलणे सर्वसाधारण ठेवा, असा सल्ला दिला. त्यानुसार २० जुलै १९६९ रोजी ऑल्ड्रिन यांनी ऐकणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर थांबून आपापल्या पद्धतीने कृतज्ञता व्यक्त करावी, एवढीच विनंती नभोवाणीवरून केली. नंतर संपर्क शांत असताना त्यांनी भाकर व द्राक्षारस घेतला आणि योहानकृत शुभवर्तमानातील एक वचन मनाशी वाचले. नील आर्मस्ट्राँग शेजारी शांतपणे पाहत होते. ते विधीत सहभागी झाले नाहीत. पृथ्वीच्या एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात द्राक्षारस पेल्याच्या कडेने सावकाश वर चढत गेला, असे ऑल्ड्रिन यांनी नंतर लिहिले.

परतीच्या वाटेवर मात्र याच ऑल्ड्रिन यांनी उघड प्रक्षेपणात स्तोत्रसंहितेतील आठव्या स्तोत्राची वचने वाचली. म्हणजे 'नासा'चे धोरण म्हणावे असे काही निश्चित नव्हते. वेळ पाहून सावधगिरी होती इतकेच. जनमताचा रेटाही दुसऱ्या दिशेने होता. अंतराळातील धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने लक्षावधी पत्रे आणि सह्या 'नासा'कडे आल्या. ओ'हेअर यांच्याविषयीची भीती पुढे अफवेचे रूप घेऊन वावरली. डिसेंबर १९७४ मध्ये अन्य दोघांनी शैक्षणिक ध्वनिलहरींच्या वाटपासंबंधी केलेला एक अर्ज, सर्व धार्मिक प्रक्षेपणे बंद करण्याची ओ'हेअर यांची मागणी म्हणून सांगितला जाऊ लागला. अर्ज १९७५ मध्येच नामंजूर झाला, तरी दळणवळण आयोगाकडे निषेधाची पत्रे पुढची अनेक वर्षे येतच राहिली.

मानवजातीचे दूत

ऑक्टोबर १९६७ पासून अंमलात आलेल्या बाह्य अंतराळ कराराच्या पाचव्या अनुच्छेदात अंतराळवीरांना मानवजातीचे दूत मानावे असे म्हटले आहे. सहाव्या अनुच्छेदाने अंतराळातील राष्ट्रीय कार्यांची जबाबदारी त्या त्या राज्यावर टाकली आहे. करार अंमलात येऊन पंधरा महिने झाले नाहीत तोच अपोलो-८ चे वाचन घडले. दूत या नात्याने त्यांनी कोणाच्या वतीने ते शब्द उच्चारले, हा प्रश्न ओ'हेअर यांच्या खटल्यात आला नाही. तो उपस्थित केला चाळीस वर्षांनी स्वतः ऑल्ड्रिन यांनी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात, पुन्हा संधी मिळाल्यास आपण कदाचित प्रभुभोजन घेणार नाही, असे त्यांनी लिहिले. तो विधी त्यांना स्वतःला अत्यंत अर्थपूर्ण वाटला होता. पण आपण चंद्रावर गेलो ते ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान, अज्ञेयवादी, नास्तिक अशा साऱ्यांच्या नावाने, हे त्यांना नंतर जाणवले. एका श्रद्धावंताचा हा पुनर्विचार ओ'हेअर यांच्या दाव्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो मनाई हुकमातून आलेला नाही.

दरम्यान खासगी आणि शासकीय यांतील सीमारेषा चंद्रावरही पुसटच राहिली. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ बरोबर सूक्ष्मफितीवरील बायबलच्या प्रती चांद्रभूमीवर जाऊन परत आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपोलो-१५ चे प्रमुख डेव्हिड स्कॉट यांनी निघण्यापूर्वी लाल बांधणीचे एक लहान बायबल चांद्रवाहनाच्या नियंत्रण फलकावर ठेवले. करारातील आठव्या अनुच्छेदानुसार ते वाहन आजही अमेरिकेच्या मालकीचे आहे.