मांजराचा आवाज अचानक बसला तर काय करावे?

काल रात्रीपर्यंत जेवणासाठी ओरडणारे तुमचे मांजर सकाळी तोंड उघडते, पण आवाज फुटत नाही किंवा घोगरा येतो. बहुतेक वेळा कारण साधे असते. तरीही दोन गोष्टी आधी पाहा: श्वास नीट चालू आहे का आणि रेबीजची शंका घेण्यासारखे काही आहे का.

आवाज का बसतो?

म्याऊ आणि घुरघुर, दोन्ही आवाज स्वरयंत्रातून येतात. तिथे सूज किंवा अडथळा आला की आवाज बदलतो.

- सर्दी: मांजरांमधील हर्पिस व कॅलिसी या विषाणूंमुळे शिंका येतात, डोळ्यांतून पाणी वाहते, घसा सुजतो. ही सर्दी इतर मांजरांना लागते, माणसांना लागत नाही.
- काटा किंवा सुई-दोरा: वसईच्या होळी परिसरात आणि किनाऱ्यालगतच्या गावांत मासळी रोजचीच. घशात काटा अडकला तर मांजर लाळ गाळते, वारंवार गिळते, पंजाने तोंड घासते.
- मार: मानेला चावा किंवा धक्का लागणे.
- वयस्क मांजरात: स्वरयंत्राचा लकवा, गाठ किंवा थायरॉइडचा विकार.

रेबीजची शंका कधी घ्यावी?

रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात, त्यामुळे आवाज बदलतो आणि लाळ गळते. काटा अडकल्यावरही असेच दिसते, म्हणूनच घरचे लोक फसतात. मांजर बाहेर फिरत असेल, लस दिलेली नसेल आणि वागणे अचानक बदलले असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. मुलांना दूर ठेवा आणि मांजराला एका खोलीत बंद करून पशुवैद्यांना फोन करा.

मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना लावू नका. मांजराचे काय होते याची वाट न पाहता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

ताबडतोब दवाखान्यात केव्हा न्यावे?

- तोंड उघडून श्वास घेणे, श्वासाला घरघर
- हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणे
- गिळता न येणे, लाळ गळणे
- २४ तास काहीही न खाणे

परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय अनेकांना माहीत आहे. पण धाप लागलेले मांजर घेऊन तेवढा लांबचा प्रवास करू नका. आधी जवळच्या पशुवैद्यांकडे ऑक्सिजन मिळेल का, ते विचारा.

घरी काय करावे?

मांजर खाते, खेळते, श्वास नीट घेते आणि फक्त आवाज बसला असेल, तर एक-दोन दिवस लक्ष ठेवता येते. मऊ, कोमट खाणे द्या. अगरबत्ती, धूप आणि डासांच्या कॉइलचा धूर टाळा. तोंडातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आत इजा होते. माणसांची औषधे देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आवाज दोन आठवड्यांत परतला नाही, तर भूल देऊन स्वरयंत्र तपासावे लागते. बरे झाल्यावर सर्दीची आणि रेबीजची, दोन्ही लसींच्या तारखा पशुवैद्यांकडून लिहून घ्या.