१०० इंची पडद्यावरही काळे पट्टे का दिसतात? प्रोजेक्टरचा पडदा निवडण्याआधी समजून घ्या ॲस्पेक्ट रेशोचं गणित

हौसेनं प्रोजेक्टर घेतला जातो, हॉलच्या भिंतीवर १०० इंची पडदा लागतो, सगळं घर समोर येऊन बसतं. सिनेमा सुरू होतो आणि वर-खाली जाडजूड काळे पट्टे दिसतात. मग कुणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणतं. पडदा भरतो खरा, पण सगळ्यांचे चेहरे लांबुळके होतात.

यात प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. हा सगळा खेळ ॲस्पेक्ट रेशोचा आहे. तो आधी समजून घेतला, तर पडदा विकत घेताना होणारी महागडी चूकही टळते.

ॲस्पेक्ट रेशो म्हणजे काय?

चित्राची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण म्हणजे ॲस्पेक्ट रेशो. आजचे टीव्ही आणि यूट्यूबवरचे बहुतेक आडवे व्हिडिओ १६:९ असतात. म्हणजे रुंदी उंचीच्या सुमारे १.७८ पट. जुन्या डबा टीव्हीचं प्रमाण ४:३ होतं. अनेक मोठे सिनेमे २.३९:१ या रुंद आकारात असतात, त्याला बोलीभाषेत 'स्कोप' म्हणतात. मोबाइलवरचं रील उभं, म्हणजे ९:१६ असतं.

इतके आकार आले कुठून?

सुरुवातीची अनेक दशकं सिनेमा ४:३ च्या जवळपासच होता. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोहोचला आणि थिएटरचा प्रेक्षक कमी होऊ लागला. घरच्या टीव्हीवर मिळणार नाही असं काहीतरी देण्यासाठी हॉलिवूडनं चित्र रुंद केलं. १९५३ मध्ये 'द रोब' हा सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. भारतात गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल'नं १९५९ मध्ये सिनेमास्कोप आणलं.

पुढे एचडी टीव्हीसाठी १६:९ हा मधला आकार ठरला. घरगुती प्रोजेक्टरही बहुतेक याच आकाराचं चित्र टाकतात. म्हणून जुना ४:३ सिनेमा लावला की पट्टे डाव्या-उजव्या बाजूला येतात आणि स्कोप सिनेमा लावला की वर-खाली.

१०० इंची पडद्याचा किती भाग वापरला जातो?

पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजतात. १६:९ आकाराचा १०० इंची पडदा साधारण ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच असतो. त्यावर:

• १६:९ चित्र: पूर्ण पडदा भरतो.
• २:१ चित्र ('हाउस ऑफ कार्ड्स'सारख्या मालिका): वर-खाली पावणेतीन इंचांचे पट्टे.
• २.३९:१ चित्र: वर-खाली सव्वासहा इंचांचे पट्टे. जवळपास पाव पडदा रिकामा.
• ४:३ चित्र: दोन्ही बाजूंना सुमारे ११ इंचांचे पट्टे.

मग स्कोप आकाराचाच पडदा घेतला तर?

इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. समजा, भिंतीवर ८७ इंचच रुंदी मिळते. त्याच रुंदीचा स्कोप पडदा घेतला तर सिनेमा पूर्वीएवढाच दिसेल, फक्त पट्टे जातील. पण क्रिकेटची मॅच किंवा १६:९ मालिका लावली की चित्र १०० इंचांवरून ७४ इंचांवर येईल.

स्कोप पडद्याचा खरा फायदा भिंत रुंद असेल तरच मिळतो. ४९ इंच उंची कायम ठेवून स्कोप पडदा हवा असेल तर ११७ इंच, म्हणजे पावणेदहा फूट रुंदी लागते. दहा फुटी हॉलमध्ये असा पडदा लावला तर बाजूला स्पीकर ठेवायलाही जागा उरत नाही.

जागा असेल, तर चित्र कसं बसवतात?

पहिला मार्ग झूमचा. १६:९ चित्र सुमारे १.३४ पट मोठं केलं की सिनेमा स्कोप पडद्यावर बसतो आणि काळे पट्टे पडद्याबाहेर भिंतीवर जातात. काही प्रोजेक्टरमध्ये 'लेन्स मेमरी' असते. त्यामुळे एका बटणावर झूम आणि फोकस बदलतो. मात्र तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो आणि पडद्यावरचा उजेड जवळपास निम्म्यावर येतो.

दुसरा मार्ग ॲनामॉर्फिक लेन्सचा. प्रोजेक्टर चित्र उभं ताणतो आणि ही लेन्स ते आडवं पसरवून मूळ आकारात आणते. पद्धत चांगली, पण खर्चिक.

दोन्ही मार्गांत एक अडचण राहते. खालच्या काळ्या पट्टीत येणारी सबटायटल्स पडद्याबाहेर जातात. शिवाय 'द डार्क नाइट'च्या ब्लू-रेसारख्या आवृत्तीत आयमॅक्स दृश्यं १६:९ आकारात येतात. तेव्हा त्यांचा वरचा-खालचा भाग पडद्यावर दिसत नाही.

१६:९ पडदाच असेल तर काय करायचं?

प्रोजेक्टरला पूर्ण काळा रंग दाखवता येत नाही, त्यामुळे पट्टे राखाडी दिसतात आणि डोळ्यांना खुपतात. फोम बोर्डला काळं मखमली कापड लावून ते पट्ट्यांवर बसवलं की चित्राला स्वच्छ कड मिळते. याला 'मास्किंग' म्हणतात. खोलीत पूर्ण अंधार आणि पडद्यामागची भिंत गडद असेल तर आणखी फरक पडतो.

प्रोजेक्टर आणि स्ट्रीमिंग स्टिक, दोन्हींमधलं 'स्ट्रेच' बंद ठेवा. शंका असेल तर वर्तुळाचं चित्र लावून पाहा. ते अंडाकृती दिसलं तर सेटिंग चुकलं आहे.

आणि पडदा विकत घेण्याआधी दोन्ही आकार भिंतीवर कागदी टेपनं आखून बघा. घरात मॅच आणि मालिका जास्त चालत असतील आणि भिंतीची रुंदी मोजकीच असेल, तर १६:९ पडदा आणि मास्किंग हाच फायद्याचा सौदा.