स्तनाच्या कॅन्सरवर उपचार सुरू असताना मालिश करता येते का?

मालिश केली की कॅन्सर अंगभर पसरतो, असं अनेक घरांत आजही सांगितलं जातं. याला पुरावा नाही. चालताना, जिना चढतानाही रक्ताभिसरण वाढतंच आणि डॉक्टर रुग्णांना चालायला सांगतातच. गाठ असलेल्या जागी मात्र चोळू नये. बाकी पाठ, खांदे, पाय हलक्या हाताने चोळून घेतले तर सहसा अडचण नसते. ताण हलका होतो, काहींना झोपही बरी लागते. तरीही आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावं.

सगळ्यात जास्त जपायचा तो ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, तर हातातला द्रव वाहून जाण्याची वाट अरुंद होते. द्रव साठून हात सुजतो. याला लिम्फेडेमा म्हणतात, आणि तो उपचारांनंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. म्हणून दिवाळीच्या अभ्यंगालाही त्या हाताला जोर लावून तेल जिरवू नये. मालिशनंतर गरम शेक, वाफ घेण्याची पद्धत आहे. त्या हाताला तेही टाळलेलं बरं.

हात सुजलाच तर ‘चोळून सूज उतरवू’ हा घरगुती उपाय उलटतो. त्यासाठी ‘मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज’ नावाची वेगळी पद्धत आहे. त्यात कातडी जेमतेम सरकेल इतकाच दाब देतात, तेल बहुधा लावत नाहीत, आणि जोडीला दाब देणारी पट्टी किंवा बाही असते. हे काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचं. मालिशवाल्या बाईंचं किंवा स्पामधलं नव्हे.

केमोथेरपीत प्लेटलेट्स कमी होतात तेव्हा साध्या दाबानेही अंगावर काळेनिळे डाग उमटू शकतात. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी हातपाय बधिर झाले असतील, तर जोर जास्त होतोय हे रुग्णाला कळतही नाही. केमोपोर्टच्या आसपास हात लावू नये. आणि एकच पोटरी सुजून दुखत असेल, गरम लागत असेल, तर पाय अजिबात चेपू नयेत. आत रक्ताची गुठळी असू शकते. कॅन्सरमध्ये हा धोका एरवीही जास्त असतो, टॅमॉक्सिफेनने त्यात भर पडते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

रेडिएशन सुरू असताना त्या भागाला तेल नको, चोळणंही नको. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत हेच पाळावं.

व्रणाचं वेगळं आहे. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनच्या परवानगीने, बोटांनी हळूहळू व्रण मोकळा करायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. त्याने ओढल्यासारखं वाटणं कमी होतं, हात वर न्यायलाही मदत होते.

कॅन्सर हाडांपर्यंत गेला असेल, किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ झाली असतील, तर पाठीवर पाय देणं, कडाकडा मोडणं असले प्रकार पूर्ण बंद. मालिश करणाऱ्या व्यक्तीला हे सगळं आधीच सांगावं. संकोच वाटला तर निदान ‘हा हात सोडून’ आणि ‘जोर नको’ एवढं तरी.