दातवण, राखुंडी आणि मशेरी

दात घासण्याचा इतिहास बहुधा प्रगतीची कहाणी म्हणून सांगितला जातो : आधी काडी, मग राखुंडी, शेवटी ब्रश. आम्हांस ही मांडणी अपुरी वाटते. कारण तीत मशेरीला जागा नाही.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात दातवणाचा विधी आहे. रुई, वड, खैर, करंज अशा झाडांची तुरट, तिखट वा कडू काडी घ्यावी. ती करंगळीएवढी जाड आणि बारा अंगुळे लांब असावी, तिचे टोक मऊ असावे. सकाळी आणि जेवणानंतर ती वापरावी, मात्र हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. काडीखेरीज घरोघरी कोळशाची वा गोवरीची राखुंडीही चाले. ती फुकट मिळे आणि बोटाने चोळता येई. भरड राखेने दातांचे कवच झिजे, ते निराळे.

बोटाने चोळण्याच्या याच सवयीत तंबाखू शिरली. पोर्तुगिजांमार्फत हिंदुस्थानात आलेल्या या वनस्पतीची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड, ती मशेरी. विडी ओढणारी बाई लोकांच्या डोळ्यांवर येते. मशेरी लावणारी येत नाही, कारण ती दात घासत असते. दिवसातून चार-पाचदा घासले तरी त्याला व्यसन म्हणायचे कोणाला सुचत नाही. हिरडीला येणारी बधिरता म्हणजेच गुण, असाही समज होतो.

दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोहोचणार? मुंबईतील गर्भवतींच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मशेरी लावणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. अशा तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे तर आता निर्विवाद आहे.

मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट दिवसातून दोनदा, असे आजचे दंतवैद्य सांगतात. वाग्भटाच्या नियमापासून हे फार दूर नाही. दूर गेली ती मशेरी. आणि ती परंपरेचेच नाव घेऊन गेली. म्हणून सवय जुनी आहे एवढ्यावर आपण समाधान मानू नये. तिच्या आडून तोंडात काय जाते, हेही घरातल्या बायकांशी मोकळेपणाने बोलावे.