वन्यजीव छायाचित्रण, कृष्णधवल

रानावनांत मुक्तपणे वावरणाऱ्या पशुपक्ष्यांची त्यांच्या नैसर्गिक परिसरात रंगविरहित छायाचित्रे घेण्याची कला व तंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सु. सहा-सात दशके वन्यजीव छायाचित्रण म्हणजे प्रायः कृष्णधवल छायाचित्रणच होते. या कलेच्या घडणीत पूर्व आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांचा वाटा मोठा आहे. भारतात तिचा आरंभ शिकारीच्या छायेत झाला. या जुन्या तंत्राचे महत्त्व महाराष्ट्रातील धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस पुन्हा प्रत्ययास आले.

तांत्रिक पार्श्वभूमी : ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर लेप देणे, छायाचित्र घेणे व ते धुणे ही सर्व कामे जागच्या जागी व लेप ओला असेतो उरकावी लागत, प्रकाशनासही काही सेकंद लागत. हलत्या जनावराचे चित्र घेणे त्यामुळे जवळजवळ अशक्य होते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनयुक्त कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढील सुधारणांमुळे प्रकाशनकाळ सेकंदाच्या अंशापर्यंत खाली आला. दूरचे दृश्य मोठे करून टिपणारी भिंगेही शतकाच्या अखेरच्या दशकात उपलब्ध झाली. तथापि प्रारंभीच्या काचा तांबड्या प्रकाशास फारशा संवेदनशील नव्हत्या. वाघाचा तांबूस रंग त्यांवर काळपट उमटे व पट्टे पुरेसे उठून दिसत नसत. सर्व वर्णांना संवेदनशील अशा काचांमुळे हा दोष दूर झाला. १९३५ मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म बाजारात आली, परंतु ती अतिशय मंद असल्याने जंगलातील अंधूक उजेडात कृष्णधवल फिल्मच दीर्घकाळ उपयुक्त ठरली.

आफ्रिकेतील सफारी : ‘सफारी’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ प्रवास असा असून मराठीतील ‘सफर’ व हा शब्द यांचे मूळ एकच, अरबी आहे. जर्मन शिकारी व निसर्गनिरीक्षक कार्ल गेओर्ग शिलिंग्झ (१८६५–१९२१) याने पूर्व आफ्रिकेत मॅग्नेशियमच्या चूर्णाचा झगझगीत उजेड पाडून रात्री वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेतली. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावात प्रकाशझोत व बंदूक या दोहोंचा उल्लेख आहे. त्या काळी ही दोन्ही साधने एकाच माणसाच्या हाती असत. अमेरिकेत जॉर्ज शायरस (१८५९–१९४२) याने मात्र बंदूक सोडून कॅमेरा स्वीकारला. ताणलेल्या तारेस प्राण्याचा धक्का लागताच प्रकाश पडून चित्र उमटावे, अशी योजना त्याने केली. ‘नॅशनल जिऑग्रफिक’ मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात त्याची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली. १९०९ च्या सुमारास चेरी कीअर्टन व आर्थर रॅडक्लिफ डगमोर यांनी पूर्व आफ्रिकेत काम केले. पीटर बिअर्ड याच्या ‘दि एंड ऑफ द गेम’ (१९६५) या ग्रंथाने या प्रदेशातील वन्य जीवनाच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले.

भारत : धाराशिवचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी संस्थानातील शिकारींची चित्रे घेतली. वरंगळ भागातील नेकोंडा येथे १९०२ मध्ये घेतलेले, मृत वाघासह लॉर्ड व लेडी कर्झन यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. अशा चित्रांत वाघ हा मानकऱ्यांच्या पायांशी पडलेला असे. तो जिवंत कसा दिसतो, हे त्यांवरून कळत नसे. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात रामानुज प्रताप सिंह देव यांनी मारलेल्या तीन चित्त्यांचे कृष्णधवल छायाचित्र तर भारतातील चित्त्याच्या शेवटाची खूण ठरले.

संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन (१८९३–१९७०) याने शायरसप्रमाणेच तारेच्या साहाय्याने जिवंत वाघांची रात्रीची छायाचित्रे मिळविली. ती ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ (१९२७) या ग्रंथात आहेत. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात व त्यांवरून प्रत्येक वाघ ओळखता येतो, हे त्याच्या चित्रांतून स्पष्ट झाले. एम्. कृष्णन (१९१२–९६) यांनी रंगीत फिल्म सुलभ झाल्यावरही कृष्णधवल माध्यम सोडले नाही. त्यांच्या चित्रांत प्राण्याइतकेच महत्त्व त्याच्या परिसरास आहे.

धाराशिव जिल्हा व स्वयंचलित कॅमेरा : चँपियनच्या तारेची जागा पुढे अवरक्त किरणांनी घेतली. १९९० नंतर उल्हास कारंत यांनी नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेऱ्यांतील चित्रांवरून, पट्टे ताडून, वाघांची संख्या अंदाजण्याची पद्धत रूढ केली. अवरक्त प्रकाशात घेतलेली रात्रीची चित्रे कृष्णधवलच असतात. त्यामुळे रंगीत छायाचित्रणाच्या युगातही हे माध्यम शास्त्रीय कामात टिकून आहे.

धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्य (सु. २२ चौ. किमी.) बालाघाट डोंगररांगेत असून तेथील वने शुष्क पानझडी व काटेरी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील स्वयंचलित कॅमेऱ्यात एका नर वाघाची नोंद झाली. पट्ट्यांच्या तुलनेवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून, सु. ५०० किमी. अंतरावरून, शेतशिवारे व रस्ते ओलांडून आल्याचे निष्पन्न झाले. एवढे लहान क्षेत्र नर वाघास अपुरे पडते. तो गावांलगतच्या गुरांवर पडू लागला. त्यास पकडून सह्याद्री व्याघ्र राखीव क्षेत्रात हलविण्याचे प्रयत्न २०२५ च्या आरंभी सुरू झाले. गुराख्यांची भीती व नुकसान खरे, तसाच वाघाचा मार्गही खरा. या दोहोंचा विचार करताना अफवेऐवजी हाती पुरावा होता, तो छायाचित्राचा. शंभर वर्षांपूर्वी दख्खनमधील वाघाची ओळख त्याच्या मृत्यूनंतरच्या चित्रात उरे. येडशीच्या वाघाचे नाव-गाव मात्र तो जिवंत असताना, त्याच्या अंगावरील काळ्या रेषांवरून कळले.